निवडठसा

फारूक जमादार चिडला, की खुर्ची उलटी फिरवून तिच्या पाठीवर हनुवटी टेकवून बसे. मिरजेच्या कर्करोग संस्थेत त्याचा हा पवित्रा सगळ्यांना पाठ होता. वॉर्डातल्या नर्सेस तो बघून काम काढून पसार होत. आज तो चिडला होता एका यंत्रावर, आणि यंत्र डॉ. सुनीती मगदूम हिनं बनवलेलं असल्यामुळे खुर्ची तिच्या प्रयोगशाळेत, अगदी तिच्या टेबलासमोर येऊन बसली होती.

“दोन माणसांची गोष्ट सांगतो,” फारूक म्हणाला. “जयसिंगपूरचे रावसाहेब चौगुले. तुझ्या यंत्रानं सुचवलेलं औषध घेतलं. गाठ निम्म्यानं घटली, त्रास फारसा नाही. तरी रोज मला विचारतात, ‘डॉक्टर, दुसरं घ्यायला हवं होतं का हो?’ आणि कुपवाडच्या शकुंतला आरवाडे. यंत्रानं सांगितलं त्याच्या बरोब्बर उलट औषध त्यांनी हट्टानं घेतलं. डोक्यावर एक केस नाही, नखं काळी पडलीत, आणि बाई म्हणतात, ‘मी अगदी झ्याक निवडलं बघा.’ तुझ्या गणिताप्रमाणे दोघांचं नेमकं उलटं व्हायला हवं होतं.”

यंत्राची चूक दाखवली, की सुनीतीला आधी राग येई आणि मग उत्सुकता वाटे. त्या दोन्हींच्या मधली ही वेळ होती.

यंत्राचं नाव प्रतिमनयंत्र. कर्करोगावर आता औषधांची वाण नव्हती. अडचण होती ती दोहोंतलं कुठलं घ्यायचं याची. एक औषध आयुष्य वाढवी आणि जिभेची चव नेई, दुसरं चव राखी आणि आयुष्य थोडं कमी देई. निवडायचं कसं? सुनीतीनं रुग्णांना खुर्चीत बसवलं, डोक्यावर मेंदूलहरी टिपणारी टोपी चढवली आणि समोरच्या पडद्यावर काल्पनिक उपचारांच्या जोड्या दाखवल्या. यातलं कुठलं घ्याल? आता या दोहोंतलं? मेंदू कशाला किती वजन देतो, ते यंत्र टिपून घेई आणि त्या वजनांतून त्या माणसासारखीच निवड करणारं एक गणिती मन तयार करी. तेच प्रतिमन.

खरी करामत पुढेच होती. यंत्र या प्रतिमनाला काळात पुढे नेई. औषध सुरू झालं, केस गेले, थकवा आला. आता कसं वाटतंय? आज ज्याची धास्ती वाटते ते पुष्कळदा उद्या अंगवळणी पडतं, आणि ज्याचा विचारही केला नव्हता तेच छळत राहतं. म्हणून सुनीतीचं म्हणणं असं, की आजच्या घाबरलेल्या माणसाला विचारू नका, उद्याच्या माणसाला विचारा. कल्पना उत्तम होती. तिला दोन पुरस्कार आणि बरेच शत्रू मिळाले होते.

“चौगुल्यांचा निकाल तू कुणाला सांगितलास?” तिनं विचारलं.

“मुलाला. बाहेर बाकावर बसला होता. तो आत गेला आणि म्हणाला, ‘पप्पा, हे घ्यायचंय.’”

“आणि शकुंतलाबाईंच्या बरोबर कोण होतं?”

“कुणी नाही. त्या एकट्याच यायच्या.”

आपल्याकडे आजारी माणूस सोडून घरातल्या प्रत्येकाला आजाराबद्दल मत असतं. थोरला मुलगा डॉक्टरांशी बोलतो, जावई इंटरनेटवर वाचतो, आत्या इचलकरंजीहून फोन करते. ज्याच्या शिरेत सुई जायची तो कॉटवर बसून सगळ्यांची तोंडं बघत असतो. फारूक आणि सुनीती दोघंही याच मातीतले, त्यामुळे त्यांना यात वावगं काही दिसलंच नव्हतं.

सुनीतीनं उपचार सुरू झाल्यावर काढलेले दोघांचे मेंदूचे नकाशे शेजारी शेजारी लावले. बराच वेळ बघितल्यावर तिनं पेन्सिलीनं पडद्यावर एक जागा दाखवली.

“माणूस दोन गोष्टींतली एक स्वतः निवडतो, तेव्हा मेंदू गुपचूप एक काम करतो. निवडलेल्या गोष्टीची किंमत जरा वाढवतो, सोडलेल्या गोष्टीची जरा उतरवतो. साडी घरी आणली, की ती दुकानात दिसत होती त्याहून छान दिसते ना, तसं.”

“माझ्या बायकोला नाही दिसत.”

“कारण साडी तू आणतोस,” सुनीती म्हणाली. “हसू नकोस, हेच तर उत्तर आहे. ही वाढवलेली किंमत इथे उमटते. याला निवडठसा म्हणू. तो असला, की माणूस त्रासाशी रुळतो. नसला, की तोच हिशेब रोज नव्यानं मांडत बसतो. शकुंतलाबाईंच्या मेंदूत तो ठसठशीत आहे. चौगुल्यांकडे जागा कोरी. मी प्रत्येक प्रतिमनात हा ठसा गृहीत धरला होता. निवडणारा माणूस आणि औषध घेणारा माणूस एकच असतो, असं मी धरून चालले.”

“मिरजेत?” फारूक म्हणाला.

मग त्याचं हसू मावळलं. “पण सगळ्यांचेच मुलगे नसतात बाहेर बसलेले. कित्येकांना आपण निकाल थेट सांगितला होता.”

सुनीतीनं त्यांचेही नकाशे काढले. यंत्राचं ऐकून औषध घेतलेल्या बहुतेकांच्या मेंदूत ती जागा कोरीच होती. त्यांनीही निवडलं नव्हतं. त्यांनी ऐकलं होतं.

“म्हणजे तू यंत्र नाही बनवलंस,” फारूक उठत म्हणाला. “अजून एक थोरला मुलगा बनवलास.”

एरवी ती यावर मनसोक्त हसली असती. पण तिच्या उमेदीच्या वर्षांचं काम त्या एका वाक्यात बसत होतं. यंत्र अचूक उत्तर काढत होतं, आणि उत्तर सांगितलं, की त्यातला अर्धा उपयोग संपत होता. तिला फार वाईट वाटलं.

त्याच महिन्यात अप्पांचं पोट दुखायला लागलं.

अप्पा म्हणजे भूपाल मगदूम, तिचे वडील. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले, सांगलीत एकटे राहणारे आणि कॅरममध्ये अजून जिल्ह्यात कुणाला न आवरणारे. पोटदुखी त्यांनी आधी फणसावर ढकलली, मग हवेवर. तपासण्या झाल्या तेव्हा आतड्यातला रोग यकृतापर्यंत पोचला होता. फारूकनं हे अप्पांना सरळ सांगितलं. लपवाछपवी त्याला जमत नसे, आणि अप्पांसमोर ती चाललीही नसती.

औषधं दोन होती. एक शिरेतून द्यायचं, आठवड्यातून एकदा संस्थेत येऊन. त्यानं साधारण तीन वर्षं मिळतील, पण हातापायांची बोटं बधिर होतील आणि जिभेला चव राहणार नाही. दुसऱ्याच्या गोळ्या, घरी घ्यायच्या. त्यांनी मिळेल त्याच्या निम्मं, पण बोटं आणि जीभ शाबूत.

अप्पांनी टोपी घालून सगळ्या जोड्या बघितल्या. मधूनमधून त्यांची शेरेबाजी चालू होती. “ह्या दोन्हीत मीठ कमी पडलंय,” “हे औषध आमच्या खात्यानं बनवलंय काय?” वगैरे. पलीकडच्या खोलीत बसलेल्या सुनीतीला हसू येत होतं. आई गेल्यावर या माणसाशिवाय तिला जवळचं कुणी उरलं नव्हतं.

तिनं मनाशी एक नियम केला: अप्पांना कुणी काही सांगायचं नाही. तिनं आत्याचा फोन स्वतः घेतला, काकांच्या मुलांना बाहेरच्या बाहेर चहा पाजून परत पाठवलं. निवड अप्पांची, ठसाही अप्पांचाच. पण नियम करणारीच तो आधी मोडते. चार दिवसांनी तिनं निकाल उघडला.

अप्पांचं प्रतिमन निःसंदिग्धपणे गोळ्यांच्या बाजूचं होतं. बोटांना आणि जिभेला त्यांनी भरभक्कम वजन दिलं होतं, आयुष्याच्या लांबीला जेमतेम.

तिला ते आवडलं नाही. तिला तीन वर्षं हवी होती. बधिर बोटांचे, बेचव जिभेचे, कुरकुरणारे, कसेही असले तरी अप्पा हवे होते. पण ही इच्छा तिला स्वार्थी वाटली, आणि तिनं ती दडपून टाकली. मग तिच्या डोक्यात एक पळवाट आली. ठसा उमटायला माणसानं निवडलेलं असावं लागतं. निदान त्याला तसं वाटावं लागतं. अप्पांना हळूच गोळ्यांकडे वळवलं, आणि ते आपल्याच बुद्धीनं वळले असं त्यांना वाटलं, तर उत्तरही बरोबर येईल आणि ठसाही उमटेल.

रविवारी ती सांगलीला गेली. अप्पा कॅरमबोर्डावर पावडर पसरत होते. ती समोर बसली, एक-दोन सोंगट्या घालवल्या आणि अगदी सहज म्हणाली, “दर आठवड्याला मिरजेला यायचं म्हणजे दगदगच नाही का, अप्पा? त्या मानानं गोळ्या सुटसुटीत.”

अप्पांनी स्ट्रायकर लावला, पण मारला नाही.

“परवा फोनवर म्हणालीस, गोळ्या घेतलेल्या एका बाईंना भेटलीस आणि त्या मजेत आहेत. काल म्हणालीस, जिभेची चव फार मोठी गोष्ट आहे. आज दगदग.” त्यांनी मान वर केली. “सरळ मारायचं सोडून कडेला आपटून मारायलीस. कोणत्या भोकात घालायचंय मला, ते सांग की.”

सुनीतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिनं सगळं सांगून टाकलं. चौगुले, शकुंतलाबाई, निवडठसा, कोरी जागा. अप्पा धरणाचा आराखडा तपासावा तसे बारकाईनं ऐकत होते.

“ठसा ज्यानं निवडलं त्याच्यातच उमटतो?”

“हो.”

“औषध दुसऱ्यानं घ्यायचं असलं तरी?”

हे तिनं तपासलं होतं, पण त्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. “हो. रुग्णांसाठी ठरवलेल्या काही नातेवाइकांचे नकाशे काढले होते आम्ही. चौगुल्यांच्या मुलाच्या मेंदूत आहे. तो निवांत झोपतो.”

“आणि पुसट होतो का काही काळानं?”

“अजून तरी कुणाचा झालेला दिसला नाही.”

“बरं,” अप्पा म्हणाले, आणि इतका वेळ लावून ठेवलेला स्ट्रायकर मारून एका फटक्यात राणी घेतली.

पुढच्या भेटीला ते इस्त्रीचा शर्ट घालून संस्थेत आले. फारूकच्या खोलीत तिघंच होते. संस्थेच्या नियमाप्रमाणे फारूकनं विचारलं, “अप्पा, कुठलं औषध सुरू करायचं? सावकाश सांगा.”

“ते सुनीती ठरवेल,” अप्पा म्हणाले.

सुनीती ताडकन उभी राहिली. “अप्पा! एवढं समजावून सांगितलं ना मी? मी ठरवलं तर तुमच्यात ठसा उमटणार नाही. औषध कुठलंही असो, तुम्हाला रोज वाटत राहील की दुसरं घ्यायला हवं होतं. त्या चौगुल्यांसारखं होईल तुमचं!”

“होऊ दे की.”

“होऊ दे काय? मी एवढी वर्षं कशासाठी मरमर केली?”

“बस जरा. ओरडून ठसा उमटत न्हाई.” अप्पांचा आवाज शांत होता. “तुझ्या आईच्या वेळी दादानं ठरवलं. थोरला भाऊ, त्याच्यापुढं कोण बोलणार? तो चुकला असं मी म्हणत न्हाई. डॉक्टरसुद्धा तेच म्हणत होते. पण इतकी वर्षं झाली गं, अजून आंघोळीला बसलो की मी तिच्यासाठी काहीतरी नवीन ठरवत असतो. कधी हे औषध, कधी ते गाव. तू त्या दिवशी सांगितलंस तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, हे असं का होतं ते.”

सुनीती खाली बसली. हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटायचं, आईच्या बाबतीत रोज नव्यानं भांडण मांडणारी आपण एकटीच आहोत. तिलाही तेव्हा कुणी काही विचारलं नव्हतं.

“मी आता निवडलं, तर ठसा माझ्यात,” अप्पा म्हणाले. “मी किती दिवस वापरणार तो? दोन वर्षं, तीन वर्षं. तेवढी मी न रुळता काढीन, सवय हाय मला. तुला अजून चाळीस काढायचीत. मी गेल्यावर तू रोज माझ्यासाठी औषध निवडत बसणार, मला म्हाईत हाय. तो ठसा माझ्यापेक्षा तुला जास्त लागणार.”

फारूक खिडकीबाहेर बघू लागला.

“पण हे तुमच्या मनासारखं कसं होईल?” सुनीतीनं विचारलं. “यंत्रानं तुमचं मन मोजलंय, अप्पा. मी निकाल बघितलाय. तुम्हाला गोळ्या हव्यात.”

“ते तर मला तुझ्या तोंडावरनंच कळलं होतं. बोटं हवीत, जीभ हवी, खोटं कशाला बोलू? पण एवढ्या जोड्या दाखवल्यास तू मला. केस, नखं, जीभ, बोटं, येण्याजाण्याची दगदग. एका तरी जोडीत तू होतीस का? ‘या औषधानं मुलगी स्वस्थ राहील आणि त्या औषधानं राहणार नाही,’ असं कुठं विचारलंस? विचारलं असतंस, तर यंत्राचा काटा मोडला असता.”

उपचाराचे सगळे बारीकसारीक परिणाम सुनीतीनं जोड्यांत घातले होते, देशोदेशीच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतले होते. रुग्णाच्या शेजारी जो माणूस बसतो, त्याला मात्र तिनं कटाक्षानं खोलीबाहेर ठेवलं होतं. शास्त्रशुद्ध मोजमापासाठी.

“मग मी गोळ्या म्हणते,” ती कशीबशी म्हणाली.

“ते यंत्राचं झालं. त्याचा ठसा तुझ्यात कसा उमटेल? तूच शिकवलंस ना मला?” अप्पा पुढे वाकले. “मला काय सोसेल ते बाजूला ठेव. तुला काय पाहिजे ते सांग.”

असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनं दडपलेली गोष्ट जिथल्या तिथं होती. ती उच्चारायची तिला लाज वाटत होती, आणि उच्चारल्याशिवाय सुटकाही नव्हती.

“शिरेतलं,” ती म्हणाली.

फारूकला कारण विचारणं भाग होतं. नियमच तसा होता. “का?”

“कारण मला हे जास्त दिवस हवेत.”

“आणखी काही?”

“नाही. एवढंच.”

“सुरू कर, जमादार,” अप्पा म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढून त्यांनी आधी तो मुलीपुढे धरला.

औषधानं आपलं काम चोख केलं, चांगलं आणि वाईट दोन्ही. गाठी आक्रसल्या. थंडी सुरू होईपर्यंत अप्पांच्या बोटांना काही कळेनासं झालं. मटकीची उसळ आणि शिरा यांत त्यांना नुसता रंगाचा फरक उरला. सुनीती सांगलीला राहायला आली, तिथून रोज मिरजेला जाऊ लागली. जोड्यांमध्ये आता तिनं नवी ओळ घातली होती, आणि रुग्णाबरोबर येणाऱ्या माणसालाही खोलीत खुर्ची ठेवली होती.

शास्त्र अप्पांना सवलत द्यायला तयार नव्हतं. हिशेब ते रोज नव्यानं मांडत. कधी चहाचा कप हातातून निसटला, की म्हणत, “गोळ्या बऱ्या होत्या काय गं?” कधी जेवताना मध्येच हात थांबे आणि ते भिंतीकडे बघत राहत. ती जागा कोरी होती. तिथे काय चाललंय ते सुनीतीला बाहेरून दिसत होतं.

एका शुक्रवारी, औषधाला निघायच्या आधी, ती त्यांच्या शर्टाच्या गुंड्या लावत होती. अप्पा हात दोन्ही बाजूंना सोडून लहान मुलासारखे उभे होते. या बोटांची ही अवस्था मी केली, असं तिनं मुद्दाम स्वतःला सांगून बघितलं. पुन्हा सांगितलं. दुःख झालं. पण चुकलं असं वाटेना. तिनं सगळं मन धुंडाळलं. हे तीन वर्षांचं अप्पा असणं तिला योग्यच वाटत होतं, आणि सोडलेल्या गोळ्या कशाबशाच आठवत होत्या. मेंदूतल्या कुठल्या जागी ही लबाडी चालते, कशी चालते, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्या माहितीचा तिळमात्र उपयोग झाला नव्हता. ठसा उमटला होता.

तिची बोटं थांबलेली बघून अप्पांनी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

“शोधायलीस व्हय?” त्यांनी विचारलं.

तिनं मान डोलावली.

“सापडलं काही?”

“नाही,” सुनीती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.

अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला काही कळत नव्हतं, म्हणून तो नीट टेकलाय ना, हे त्यांनी डोळ्यांनी बघून घेतलं.